तिन्ही शिफ्टा करणारं बदक

बजाजनगरातल्या आणि बजाजनगराबाहेरच्या सर्व लहानथोरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या गल्लीनं एका संध्याकाळी एका बदकाच्या बाळंतपणासाठी आपले सगळेच्या सगळे दिवे बंद केले होते आणि त्या काळोखात माझी अख्खी मेस मुकाट्यानं वरणभात जेवली होती. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे बाई अडलेली आहे, आणि बाई अडलेली असताना दारात उभं राहून हसणं आमच्यात बरं दिसत नाही.

मी मेस चालवते. वाळूजच्या कंपन्यांमध्ये कामाला आलेली, घरदार कन्नडला, सोयगावला नाहीतर त्याहून लांब ठेवलेली एकटी पोरं माझ्याकडे जेवतात. पहिल्या शिफ्टचे डबे पहाटे, दुसरीचे दुपारी, तिसरीचे रात्री. त्यामुळे माझ्या गॅसला आणि माझ्या तोंडाला विश्रांती नाही. गॅसचं काय, तो सिलिंडरवर चालतो. तोंडाला मात्र ऐकणारं माणूस लागतं. पोरं जेवताना मोबाइल बघतात. नवरा कंपनीत मेंटेनन्सला आहे, तो घरी आला की फक्त बिघडलेल्या वस्तूंकडे लक्ष देतो, आणि मी कधी बिघडत नाही.

माझं ऐकणारं माणूस एकच, माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आबा वैजापूरकडचे. सासूबाई गेल्यावर कांद्याचं रान धाकट्या दिराकडे सोपवून ते आमच्याकडे आले. आले म्हणजे आम्ही आणले. पहिले काही महिने बाजेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. कसं वाटतंय म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बरं हाय." जास्त खोदलं तर म्हणायचे, "इथं माणसाला काम काय? इथं कांदा बी पिशवीत भरून येतो."

मग एकदा मी त्यांना आठवडी बाजारात घेऊन गेले, भाजीच्या पिशव्या धरायला. एका टोपलीवाल्यानं पाय बांधलेलं एक पांढरं बदक काट्यावर ठेवलं होतं आणि गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडून उभं होतं. आबांनी ते काट्यावरून उचललं आणि छातीशी धरलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "ओ बाबा, ते माझं हाय."

आबा म्हणाले, "तुझं असतं तर तुझ्याकडं आलं असतं."

बदकानं तोवर आबांच्या सदऱ्यात चोच खुपसून डोळे मिटले होते. अशा साक्षीदारापुढे गिऱ्हाईक काय बोलणार? टोपलीवाल्याचं देणं मी चुकतं केलं आणि आम्ही घरी आलो. भाजी तिथंच राहिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आबा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती शोभेची नाही. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, पळी वेगळी. माझ्या मेसमध्ये बुधवारी अंडाकरी असते, त्या दिवशी आबा सकाळीच मारुतीच्या पारावर जाऊन बसतात आणि वास गेल्यावर परत येतात. जन्मात त्यांनी अंड्याला बोट लावलेलं नाही. बोट सोडा, त्यांनी तो शब्दही कधी तोंडातून काढलेला मी ऐकला नव्हता.

आणि असा माणूस मादी बदक घेऊन आला.

पहिल्यांदा जेव्हा सकाळी भिंतीच्या कडेला, गोणपाटावर, ते गोल पांढरं दिसलं तेव्हा आबा दारातूनच मागे वळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, त्याचं कायतरी पडलंय. बघ."

"काय पडलंय आबा?"

"पडलंय कायतरी. उचल."

पुढे रोज तसंच. बदक अंडी घालतं ही गोष्ट आबांनी अधिकृतरीत्या कधी मान्य केली नाही. ते चहा पीत पाठ करून बसायचे, मग पलीकडच्या आपा भिंतीवरून हात घालून अंडं उचलायच्या. आपा आमच्या शेजारीण, त्यांचे मिस्टर गादी-कारखाना चालवतात. त्यांच्या घरातला नाश्ता आमच्या बदकाच्या जिवावर होता. जाता जाता त्या हळूच चिमटा काढायच्या, "आबा, तुमचं कायतरी पडलं होतं, मैं उठा ली."

"न्या, न्या," आबा भिंतीकडे बघून म्हणायचे.

पण बदक आलं आणि आबा बाजेवरून उठले. त्याच्यासाठी जुन्या टाकीचा तळ कापून हौद केला. गाळ काढायचा, पाणी बदलायचं, पाला चिरायचा. त्याला हिंडवायला नाक्यापर्यंत जायचे, हे पुढे आणि बदक मागे. गल्लीतली माणसं थांबून बोलायला लागली. मग आबा माझ्याजवळ बसून मेसचे कांदे निवडायला लागले. कांद्याच्या रानात आणि आडतीत आयुष्य गेलेला माणूस, कांदा हातात घेतला की आतला मोड सांगायचे. आणि कांदे निवडता निवडता माझं ऐकायचे. बरोबर जागी "व्हय" म्हणायचे. मी गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असले तरी मध्येच थांबून विचारायचे, "मग?" अशा सासऱ्यासाठी कोणती सून काय करणार नाही?

एका सकाळी भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला, "भाबी, कल भी नहीं पडा, आज भी नहीं पडा. बदक रुसलं काय?"

मी बाहेर येऊन बघितलं. बदक हौदात नव्हतं. भिंतीशी उभं होतं, पण असं ताठ उभं की जणू कुणी त्याला फोटोला उभं केलंय. शेपटी वरखाली होत होती. मध्येच बसायचं, जोर करायचं, पुन्हा उठायचं. पोळीचा तुकडा टाकला, बघितलाही नाही.

पोट गच्च झालं असेल, असं मी ठरवलं. माझ्याकडे जेवणाऱ्या कुणाचंही पोट बिघडलं की मी ओव्याचं पाणी देते. बदकही माझ्याच मेसचं जेवत होतं, सकाळी पोळी, दुपारी भात, रात्री उरलंसुरलं. त्यालाही पाजलं. त्यानं ते माझ्या साडीवर परत केलं.

आपा तोवर भिंतीला वळसा घालून आल्या होत्या. बदकाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "भाबी, हे पोट नाही. अंडा अटका है."

आबा खाली बसले. बदक त्यांच्या मांडीशी येऊन टेकलं आणि पुन्हा जोर करायला लागलं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, हे गेलं तर मी बी जातो वैजापूरला. मला नगं अडवू."

मी सगळी वाक्यं नाटकातल्यासारखी बोलते, आबा तशी कधीच बोलत नाहीत. म्हणून मी घाबरले.

नवरा तिसरी शिफ्ट करून नुकताच आला होता. त्यानं बूट काढता काढता परिस्थितीची पाहणी केली आणि म्हणाला, "जाम झालंय. लुब्रिकेशन पाहिजे. माझ्याकडं कंपनीचं एक नंबर ग्रीस हाय."

"ते बेअरिंग नाही," मी म्हटलं, "बाळंतीण आहे. बूट घाला."

मोटरसायकलवर पुढे नवरा, मध्ये आबा, आबांच्या उपरण्यात बदक आणि मागे मी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आधीच गर्दी होती. शेळ्या, एक वासरू, आणि झाडाला बांधलेली एक म्हैस, तिचा मालक शेजारी उकिडवा.

"काय झालंय बदकाला?" त्यानं आबांना विचारलं.

"अडलंय."

"माझी बी अडलीय." त्यानं म्हशीकडे बघितलं, मग उपरण्यातल्या चोचीकडे. "तुम्ही जा आधी. ही दांडगी हाय, तगंल. तुमचं बारीक हाय."

आत डॉक्टरबाई होत्या, तरुण, कोपरापर्यंत हात धुतलेल्या. त्यांनी बदकाला टेबलावर घेतलं, पोटाखाली बोटांनी चाचपलं आणि आबांना विचारलं, "शेवटचं अंडं कधी घातलं?"

आबांनी छताकडे बघितलं. "त्याचं ते... पडलं नाय दोन दिवस."

"काय पडलं नाही?"

"ते. रोजचं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवलं. त्या समजल्या, आणि हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन. पुढचं मला विचारलं. "रोज घालतं? मध्ये खंड?"

"एक दिवस नाही," मी अभिमानानं सांगितलं. "थंडीत नाही, पावसाळ्यात नाही. आमच्या बदकाची हजेरी शंभर टक्के आहे."

"खायला काय?"

"पोळी. भात. वरण आवडतं त्याला."

"आणि रात्री अंधार किती वेळ असतो, ते राहतं तिथं?"

मला प्रश्नच कळला नाही. "अंधार? आमच्याकडं कुठला अंधार बाई? आमची मेस आहे."

तेव्हा माझा नवरा पुढे सरकला. विजेचा विषय निघाला की तो गप्प राहू शकत नाही. तिसऱ्या शिफ्टची पोरं जेवायला येतात, त्यांचा पाय बदकावर पडू नये म्हणून आपण भिंतीवर मोठा फोकस बसवलाय, एलईडी, वायरिंग स्वतःचं, संध्याकाळी लावला की सकाळीच बंद, आजवर एकदाही गेला नाही. शिवाय समोर खांबावरचा दिवा आहे, शिवाय गल्लीत घरोघर कुणी ना कुणी शिफ्टला, त्यामुळे प्रत्येक दारावर दिवा. "पूर्वी लोडशेडिंग होतं," तो म्हणाला, "आता तेबी नाय. दिवसासारखा उजेड असतो मॅडम."

"तेच झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या बदकाला वाटतंय अजून दिवसच चालू आहे. दिवस मोठा असला की पक्षी अंडी घालत राहतो, रात्री वाढल्या की थांबतो. याला रात्र कधी मिळालीच नाही. कवचाला लागणारं कॅल्शियम हाडांतून निघून गेलं, पोळीभातातून ते भरून येत नाही. आता अंडं ढकलायला अंगात जोर नाही."

मी नवऱ्याकडे वळले. "म्हणजे आपलं बदक तिन्ही शिफ्टा करत होतं. ओव्हरटाइम न देता."



डॉक्टरबाईंनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. कोमट पाण्यात बसवा, म्हणाल्या, पाणी गार होऊ देऊ नका, बाहेरच्या बाजूनं थोडं तेल लावा, पोट दाबू नका. शांतता पाहिजे. अंधार पाहिजे. आणि ज्याच्याजवळ ते घाबरत नाही तोच माणूस जवळ पाहिजे. "रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत वाट बघू. नाही आलं तर मला फोन करा. मग मला आत अंडं फोडून काढावं लागेल. त्यात धोका आहे, आत्ताच सांगून ठेवते."

आबांनी हात जोडले. बाहेर पडताना ते म्हशीपाशी थांबले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मालकाला म्हणाले, "होईल सुखरूप."

घरी आल्यावर मी मेसचं सगळ्यात मोठं भगुनं काढलं, ज्यात रविवारी शंभर पोळ्यांची कणीक बसते ते. कोमट पाणी भरलं. आपांनी खोबरेल आणलं. आधी बदकाला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, तर त्यानं पंख आपटून भगुनं उलटं केलं आणि तिसऱ्या शिफ्टचं जे पोरगं तिथं झोपलं होतं ते भिजून उठलं. मग अंगणात त्याच्या जागी ठेवून वरून घोंगडी धरली, तर त्याहून जास्त तडफड. आबा म्हणाले, "झाकू नका. ते टोपलीखालून आलंय, झाकलं की त्याला बाजार आठवतो." ते खरं की नाही देव जाणे, पण घोंगडी काढल्यावर ते आबांच्या हातात निमूट बसलं.

दुपारभर आबा भगुन्यात हात घालून बसले होते. मी पाणी बदलत होते. बदक जोर करायचं, थकायचं, मान आबांच्या मनगटावर टाकायचं. काही होत नव्हतं. ऊन उतरलं तसं मला कळलं की आता गल्लीचे दिवे लागणार. बदकाला अंधारात नेता येत नाही. मग अंधारच बदकापर्यंत आणला पाहिजे.

मी गल्लीत उतरले. इथं माझं तोंड कामाला आलं असं मी म्हणणार होते, पण खरं सांगते, मला फार बोलावंच लागलं नाही. पहिल्या दारात मी खाकरून सुरुवात केली, "अहो, एक विनंती आहे, हसू नका," तर त्या बाई म्हणाल्या, "आबांचं बदक ना? आमचा बंद," आणि बटण दाबलं. त्यांच्या शेजारी तेच. एकानं विचारलं, "टीव्ही चालंल का?" बायको म्हणाली, "नाय चालणार. बदकाच्या बाळंतपणात तुला मॅच दिसती व्हय?" आपांच्या मिस्टरांनी कारखान्यातली शिलाईची मशिनं थांबवली. नवऱ्यानं आपला लाडका फोकस स्वतःच्या हातानं काढला, मग शिडी लावून खांबावरच्या दिव्याला गोणपाटाची टोपी घातली. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप होता, पण गाठ मात्र पक्की मारली.

आणि आमच्या गल्लीत संध्याकाळ झाली. अशी संध्याकाळ तिथं कुणी बघितलीच नव्हती. आधी निळं, मग राखाडी, मग समोरच्या माणसाची नुसती आकृती. कंपन्यांकडचं आभाळ तेवढं तांबूस होतं.

मेसची पोरं यायला लागली. नाक्यावर आपांनी पहारा धरला होता. "गाडी बंद. लाइट बंद. मोबाइल खिशात." रोज हॉर्न वाजवत येणारी ती पोरं गाड्या ढकलत, पाय न वाजवता आली आणि ओळीनं बसली. मी चाचपडत वाढलं. कुणाच्या भातावर वरणाऐवजी ताक गेलं, कुणाला लोणचं दोनदा गेलं. एक जण कुजबुजला, "काकू, ही भाजी कसली?" दुसरा म्हणाला, "गप खा. बाई अडलीय." मी कढई उचलताना माझा मलाच अभिमान वाटला, की या पोरांना मी जेवू घालते.

या गल्लीला लोक काय काय नावं ठेवतात. कुणी कुणाचं नाही म्हणतात, सगळे शिफ्टला धावणारे, शेजारी कोण राहतो ते माहीत नसलेले. म्हणोत. आजही आमच्याकडे दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं बाहेरचे सगळे दिवे बंद होतात. तिसऱ्या शिफ्टची पोरं भिंत धरून येतात. फोकस आता घरात कपाटावर आहे, नवरा अधूनमधून त्याच्यावरची धूळ पुसतो. बदक शिंपल्याची भुकटी आणि त्याचा स्वतःचा दाणा खातं, पोळी बंद, आणि थंडीत रजेवर असतं. आपा म्हणतात, नाश्त्याचे वांधे झाले. नवीन भाडेकरू आला की त्याला आधी पाण्याची वेळ सांगतात आणि मग बदकाची.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. जेवणं झाली तरी कुणी उठलं नाही. माझ्या हातात मोबाइल होता, डॉक्टरबाईंना फोन करायची वेळ आली होती, आणि उजेड पडेल म्हणून मी तो पदराखाली धरला होता. अंगणात काही दिसत नव्हतं. भगुन्यातलं पाणी हलल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. आबा बदकाशी हळू काहीतरी बोलत होते, आडतीत कांद्याच्या ढिगाशी बोलायचे तसं. मग पाणी जोरात हललं. बदकानं एक आवाज काढला, तसा मी त्याआधी ऐकला नव्हता. मग काहीच नाही.

मला वाटलं, गेलं. शेजारी नवरा उभा होता, त्यानं माझा दंड धरला. मी मनातल्या मनात वैजापूरची एसटी बघितली, आबांची पिशवी बघितली, आणि माझ्या कांद्यांच्या ढिगासमोर रिकामा पाट बघितला.

त्या काळोखात आबांचा हात कुठं होता हे कुणालाच दिसत नव्हतं. त्यांनी ते पाण्यात तसंच सोडलं असतं, नेहमीसारखी पाठ फिरवली असती, सकाळी "त्याचं कायतरी पडलंय" म्हणाले असते, तरी कुणी काही म्हटलं नसतं. माळ जशीच्या तशी राहिली असती. पण पाण्याच्या दिशेनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, माझ्या सासऱ्यांचा आवाज आला.

"पोरी, अंडं आलं. माझ्या हातात हाय. लई गरम असतं गं हे."